हुशार, पण वाचता येत नाही

व्हिएतनाम युद्ध ऐन भरात असताना अमेरिकेतल्या लहानसहान कॉलेजांना अचानक बरकत आली. कॉलेजात नाव असलेल्या तरुणाला सक्तीच्या सैन्यभरतीतून तात्पुरती सूट मिळे. त्यामुळे अभ्यासाचा कंटाळा असलेली मुलंसुद्धा मिळेल त्या कॉलेजचा अर्ज भरत. व्हरमाँट राज्यात, पटनी नावाच्या खेड्यात असलेलं विंडम कॉलेज याच लाटेवर फुगलं. वॉल्टर हेंड्रिक्स या प्राध्यापकाने परदेशी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवायला 1951 साली काढलेली ही छोटीशी संस्था. साठच्या दशकात तिने थेट एडवर्ड ड्युरेल स्टोनला बोलावून नवा कॅम्पस बांधून घेतला. दिल्लीत चाणक्यपुरीतली जाळीदार भिंतींची अमेरिकन वकिलात ज्याने उभारली, तोच हा वास्तुकार. पुढे 1973 मध्ये सक्तीची भरती थांबली, विद्यार्थी आटले, कर्ज तेवढं राहिलं. 1978 मध्ये विंडमला टाळं लागलं.

भरभराटीच्या त्या दिवसांत विंडममध्ये जॉन अर्व्हिंग नावाचा एक तरुण मास्तर शिकवायला होता. पुढे ‘द वर्ल्ड अकॉर्डिंग टू गार्प’ लिहून जगभर गाजलेला कादंबरीकार तो हाच. एक्सेटरच्या नामांकित शाळेत त्याचा चार वर्षांचा अभ्यास पुरा व्हायला पाच वर्षं लागली होती. वाचन संथ, स्पेलिंगच्या नावाने आनंद. आपल्याला डिस्लेक्सिया आहे हे त्याला कळलं ते फार उशिरा, स्वतःच्या मुलाची तपासणी झाली तेव्हा. पटनीत तो शिकवत होता तेव्हा त्याला किंवा त्याच्या सहकाऱ्यांना याचा पत्ता असण्याचं कारणच नव्हतं. आणि ज्या इमारतींमध्ये तो वावरला, तिथेच काही वर्षांनी अमेरिकेतलं पहिलं असं कॉलेज उघडलं, जिथे प्रवेशासाठी अर्व्हिंगसारखी अडचण असावीच लागे. इतिहासात असे योगायोग अधूनमधून सापडतात. त्यांचा फार अर्थ लावू नये, पण सांगितल्याशिवाय राहवतही नाही.

पटनी गाव तसं प्रयोगांना सरावलेलं. लोकवस्ती अडीच-तीन हजारांच्या आसपास, शेजारून कनेटिकट नदी वाहते, सफरचंदांच्या बागा आहेत. 1840 च्या दशकात जॉन हम्फ्री नॉइझ याने इथे सामूहिक जीवनाचा आणि त्यातही सामूहिक विवाहाचा पंथ चालवला. गावकऱ्यांनी खटला भरल्यावर तो न्यूयॉर्क राज्यात ओनायडाला पळाला. 1935 मध्ये कार्मेलिटा हिंटन या बाईंनी इथेच पटनी स्कूल काढलं. तिथली मुलं पुस्तकांबरोबर गाईंच्या गोठ्यातही राबत. त्यामुळे 1985 मध्ये ओस पडलेल्या विंडमच्या आवारात ‘लँडमार्क कॉलेज’ अशी नवी पाटी लागली, तेव्हा गावाने भुवया उंचावल्या असतील तरी तोंडात बोट घातलं नसावं.

पाटी लावणारा होता चार्ल्स ड्रेक. हा गृहस्थ स्वतः डिस्लेक्सिक. 1971 मध्ये त्याने मॅसॅच्युसेट्समध्ये समुद्रकिनाऱ्यालगत प्राइड्स क्रॉसिंग इथे लँडमार्क स्कूल सुरू केलं होतं. बुद्धी चांगली, पण वाचन-लेखन काही केल्या जमत नाही, अशा मुलांची ती निवासी शाळा. प्रत्येक मुलाला रोज एक तास एकट्याने एका ट्यूटरपुढे बसायचं, हा तिथला कणा. शाळा चालली, मुलं वाचायला लागली, आणि मग एक साधा प्रश्न उभा राहिला. शाळा संपल्यावर ही मुलं जाणार कुठे?

या प्रश्नाला आधीची जवळजवळ शंभर वर्षं चिकटलेली आहेत.

7 नोव्हेंबर 1896 च्या ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये डब्ल्यू. प्रिंगल मॉर्गन या डॉक्टरांनी एक छोटं टिपण छापलं. ते इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर सीफर्ड गावात प्रॅक्टिस करत. त्यांच्याकडे आणलेला पर्सी नावाचा चौदा वर्षांचा मुलगा सगळ्या बाबतींत चुणचुणीत होता, फक्त वाचता येत नव्हतं. सात वर्षांचा असल्यापासून शाळा आणि खासगी शिकवण्या चालू होत्या, तरी स्वतःचं नाव लिहिताना त्यातली दोन अक्षरं तो उलटसुलट करी, आणि ते त्याच्या लक्षातही येत नसे. गंमत म्हणजे 749 गुणिले 867 हा गुणाकार त्याने झटपट आणि अचूक सोडवला. त्याच्या मास्तरांचं म्हणणं मॉर्गननी नोंदवून ठेवलंय: सगळं शिक्षण तोंडी असतं, तर हा पोरगा शाळेत पहिला आला असता. डोळ्यांत दोष नाही, बुद्धीत नाही, आळस नाही. मग आहे तरी काय? मॉर्गननी त्याला जन्मजात शब्दांधत्व म्हटलं. ‘डिस्लेक्सिया’ हे नाव त्याच्या काही वर्षं आधी जर्मनीत रुडॉल्फ बर्लिन या नेत्रतज्ज्ञाने काढलं होतं, पण ते मेंदूला इजा झाल्यामुळे वाचन गमावलेल्या मोठ्या माणसांसाठी.

पुढचा धागा अमेरिकेत आयोवा राज्यात सापडतो. 1925 च्या सुमारास सॅम्युअल ऑर्टन हे मेंदूविकारतज्ज्ञ फिरतं क्लिनिक घेऊन खेड्यापाड्यांत जात होते. त्यांनाही एक सोळा वर्षांचा असाच मुलगा भेटला आणि त्यांनी उरलेलं आयुष्य या विषयाला वाहिलं. मेंदूच्या दोन गोलार्धांबद्दलचा त्यांचा सिद्धांत पुढे टिकला नाही. पण ॲना गिलिंगम आणि बेसी स्टिलमन या शिक्षिकांनी त्यांच्याबरोबर बसवलेली पद्धत मात्र टिकली. अक्षर डोळ्यांनी बघायचं, तोंडाने त्याचा उच्चार करायचा आणि त्याच वेळी बोटाने ते गिरवायचं, वाळूत किंवा खरखरीत कागदावर. मराठी वाचकाला आपल्या आजोबा-पणजोबांची धूळपाटी आठवेल. फरक एवढाच की गिलिंगमबाईंनी इंग्रजीतले ध्वनी आणि ते लिहायच्या तऱ्हा सोप्यापासून अवघडापर्यंत ओळीने लावून त्यांचं जाडजूड मॅन्युअल केलं, आणि एक पायरी पक्की झाल्याखेरीज दुसरीवर जायचं नाही असा दंडक घातला. इंग्रजी स्पेलिंगचा बेभरवशी कारभार पाहता असा दंडक हवाच होता.

हे सगळं मात्र खासगी शिकवण्यांपुरतं आणि पैसेवाल्या घरांपुरतं राहिलं. सरकारी शाळांमध्ये अशा मुलांना ढ म्हणत, मागच्या बाकावर बसवत किंवा मतिमंदांच्या वर्गात पाठवत. 1963 मध्ये शिकागोत हैराण पालकांच्या एका परिषदेत सॅम्युअल कर्क या शिक्षणतज्ज्ञाने या सगळ्या प्रकारांना ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ या एकाच नावाखाली आणलं. पालकांनी ते उचललं, पुढच्याच वर्षी राष्ट्रीय संघटना काढली आणि थेट वॉशिंग्टनचे दरवाजे ठोठावले. 1975 च्या कायद्याने प्रत्येक अपंग मुलाला सरकारी शाळेत योग्य शिक्षण मिळण्याचा हक्क दिला, त्यात ही मुलंही आली.

कॉलेजांची गोष्ट वेगळी होती. तिथे 1973 च्या पुनर्वसन कायद्याचं कलम 504 लागू पडत होतं. सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थेने अपंगत्वाच्या कारणावरून कुणालाही वगळू नये, असं सांगणारं ते एक वाक्य. नियम केल्याशिवाय वाक्याला दात येत नाहीत, आणि नियमांवर सही करायला चार वर्षं कुणी तयार नव्हतं. शेवटी एप्रिल 1977 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या केंद्र सरकारी इमारतीत अपंग कार्यकर्ते घुसले आणि जवळजवळ चार आठवडे तिथून हलले नाहीत. पुढारीपण ज्युडी ह्यूमनसारख्या चाकाच्या खुर्चीवरच्या बाईंकडे होतं. ब्लॅक पँथर पक्षाचे लोक आंदोलकांना रोज गरम जेवण पोचवत होते. 28 एप्रिलला मंत्री जोसेफ कॅलिफॅनो यांनी सही केली. त्या आंदोलनात पुढे होते ते मुख्यतः चालू न शकणारे, अंध आणि बहिरे लोक. पण नियमांच्या व्याख्येत अध्ययन अक्षमतेचं नावही होतं. ज्यांचं अपंगत्व रस्त्यात कुणाला दिसत नाही, अशांना त्या बैठ्या सत्याग्रहाने कॉलेजचं फाटक उघडून दिलं.

फाटक उघडलं, पण आत गेल्यावर काय? मॅसॅच्युसेट्समधल्या करी कॉलेजात गर्ट्रूड वेब या प्राध्यापिकेने 1970 पासूनच अशा विद्यार्थ्यांसाठी वेगळा आधारवर्ग चालवला होता. 1980 मध्ये ॲरिझोना विद्यापीठाने तसंच केंद्र काढलं. हळूहळू रीत पडली. पाठ्यपुस्तकं ध्वनिफितीवर मिळायची, वर्गात कुणीतरी नोट्स उतरवून द्यायचं, परीक्षेला जादा वेळ, हवं तर वेगळी खोली. एरवी विद्यार्थी त्याच गर्दीत, त्याच अभ्यासक्रमाला.

पटनीच्या कॉलेजने हे सगळं नाकारलं. सुरुवातीच्या वर्षांतली लँडमार्कची भूमिका आज वाचली तर कठोर वाटते. ध्वनिफितीवरची पुस्तकं नाहीत, नोट्स उतरवून देणारा नाही, वेळेची सवलत नाही. वाचता येत नसेल तर वाचायला शिका, नोट्स काढता येत नसतील तर काढायला शिका, त्यासाठीच तर इथे आलात. आडवाटेने नेणं म्हणजे विद्यार्थ्याला जन्मभर दुसऱ्याच्या आधारावर सोडणं, असं ड्रेकच्या मंडळींना वाटे. हुशारीचा दाखला मात्र प्रवेशाच्या वेळीच मागत. बुद्धिमापन चाचणीत सरासरी किंवा तिच्यावरची क्षमता हवी, आणि डिस्लेक्सियाचं किंवा तशा अडचणीचं रीतसर निदान हवं. इतर कॉलेजं ज्या अहवालाला घाबरून अर्ज बाजूला ठेवत, तो अहवाल इथे प्रवेशपत्रासारखा चाले.

आत गेल्यावर मुलांना अभ्यासाचे विषय दिसायच्या आधी अभ्यास दिसे. ज्यांचं वाचन फारच कच्चं, त्यांना आधी विनाश्रेयांकाचे वर्ग. पदवीच्या हिशोबात ते धरले जात नसत. रोज ट्यूटरसमोर एकट्याने बसणं शाळेसारखंच. वर्ग लहान, हजेरी सक्तीची. प्रत्येकाच्या हातात एक भलामोठा बाइंडर, त्याला विषयवार दुभाजक, त्यात नोट्स, गृहपाठ, वेळापत्रक सगळं ठरलेल्या जागी. ट्यूटर हा बाइंडर तपासत, आतला मजकूर तपासावा तितक्याच गांभीर्याने त्याची रचनाही. वीस वर्षांच्या तरुणाची फाइल तपासायची म्हणजे पोरकटपणा वाटेल. पण ज्याचे कागद आयुष्यभर हरवत आले आहेत, ज्याला कुठला निबंध कधी द्यायचा हे शेवटच्या रात्री आठवतं, त्याच्यासाठी खरा विषय तोच होता.

नोट्स काढायचीसुद्धा पद्धत. पानाच्या मधून उभी रेघ, एका बाजूला मुख्य मुद्दा, दुसऱ्या बाजूला तपशील. धडा वाचायचा तो एका दमात नाही. आधी मथळे, मग एकेक परिच्छेद, त्यातलं मुख्य वाक्य खूण करून समासात आपल्या शब्दांत लिहायचं, शेवटी सगळ्याचा सारांश. निबंधाचीही तशीच फोड: विषय नक्की करणं, मुद्दे गोळा करणं, त्यांचा क्रम, कच्चा खर्डा, दुरुस्ती, आणि या प्रत्येक टप्प्याला वेगळी तारीख. लँडमार्कच्या शाळेतून आलेलं तत्त्व हेच होतं, की कुठलंही मोठं काम इतक्या लहान तुकड्यांत तोडायचं की प्रत्येक तुकडा जमला पाहिजे. मग तो हात बसेपर्यंत घोटायचा. यातली एकही युक्ती फक्त डिस्लेक्सियावाल्यांच्या उपयोगाची नाही. पण आपल्याकडे काय किंवा तिकडे काय, हुशार मुलं या गोष्टी आपोआप शिकतात असं धरून चालतात. कुणी मुद्दाम बसवून शिकवत नाही. पटनीतली मंडळी या गोष्टी मुद्दाम शिकवत, आणि त्यांची खरी कामगिरी हीच म्हणायची.

कॉलेज दोन वर्षांचं होतं, हेही ध्यानात घ्यायला हवं. तिथून ‘असोसिएट’ पदवी मिळे, आणि त्यानंतर चार वर्षांच्या नेहमीच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला जायचं, अशी कल्पना. म्हणजे पटनी हे मुक्कामाचं ठिकाण नव्हतं. चार वर्षांची पदवी द्यायची हिंमत दुसऱ्यांनी केली. 1989 मध्ये काही पालकांनी मिळून बीकन कॉलेज काढलं. फ्लोरिडातल्या लीसबर्ग गावातल्या या कॉलेजला पुढे मान्यता मिळाली आणि अशाच विद्यार्थ्यांना तिथे पूर्ण बॅचलर पदवी मिळू लागली. एकाच विचाराची ही दोन घरं, पण एकात मुलगा बाहेर जायला तयार होई आणि दुसऱ्यात पदवी हातात पडेपर्यंत राही. कुठलं बरं, यावर अमेरिकेतल्या पालकांमध्ये एकमत नव्हतं.

बाहेरच्या जगात तोवर वातावरण तापलं होतं. 1990 मध्ये अपंगांच्या हक्कांचा नवा, व्यापक कायदा झाला आणि सवलत मागणाऱ्या विद्यार्थ्यांची रांग वाढली. प्राध्यापकांच्या खोल्यांमधून कुरकुर ऐकू येऊ लागली: हा आजार आहे की आळस? ही कुरकुर जाहीरपणे बोलून दाखवली बॉस्टन विद्यापीठाच्या जॉन वेस्टलिंग यांनी. 1995 मध्ये, विद्यापीठाचे प्रोव्होस्ट असताना, त्यांनी एका भाषणात ‘झोपाळू सॅमँथा’ नावाच्या विद्यार्थिनीची कथा सांगितली. तिच्या म्हणे सवलती अशा: पुढच्या बाकावर जागा, नोट्सची प्रत, परीक्षेला जादा वेळ, वेगळी खोली; शिवाय ती वर्गात झोपली तर झोपेत हुकलेला भाग तिला नंतर समजावून सांगायचा. श्रोते हसले असणारच. पुढे खटला उभा राहिला तेव्हा वेस्टलिंग यांना कबूल करावं लागलं, की सॅमँथा नावाची कुणी नव्हतीच. ती त्यांनी रचली होती.

बॉस्टन विद्यापीठाने सवलतींचे नियम आवळले होते. चाचणीचा अहवाल तीन वर्षांहून जुना चालणार नाही, परदेशी भाषेऐवजी दुसरा विषय घेता येणार नाही. विद्यार्थी कोर्टात गेले. ऑगस्ट 1997 मध्ये न्यायाधीश पॅटी सॅरिस यांनी निकाल दिला. प्रौढ माणसाला दर तीन वर्षांनी पुन्हा खर्चिक चाचणी करायला लावणं बेकायदा ठरलं, झोपाळू सॅमँथाच्या पूर्वग्रहावर धोरण उभं करणं चूक ठरलं, काही विद्यार्थ्यांना भरपाईही मिळाली. परदेशी भाषेच्या प्रश्नावर मात्र कोर्टाने विद्यापीठाला सांगितलं, की प्राध्यापकांची समिती नेमून नीट विचार करा. समितीने विचार केला आणि भाषा ही पदवीचा गाभा आहे असं ठरवलं. 1998 मध्ये कोर्टाने ते मान्य केलं. थोडक्यात, दोघंही जिंकले, दोघंही हरले. पण पटनीतून निघालेल्या मुलांना ज्या जगात जायचं होतं ते जग कसं आहे, हे या खटल्याने उघड्यावर आणलं.

आणि पटनीची भूमिकाही याच काळात वितळू लागली. 1994 मध्ये लिंडा कॅट्झ अध्यक्ष झाल्या. त्या मानसशास्त्रज्ञ, 2011 पर्यंत त्यांनी कॉलेजची धुरा सांभाळली. मध्यंतरी संगणक आले. रे कर्झवाइलचं छापील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं यंत्र 1976 मध्ये आलं तेव्हा ते एका टेबलाएवढं होतं आणि अंधांसाठी होतं. नव्वदीनंतर तेच काम करणारा प्रोग्रॅम लॅपटॉपवर बसला. बोललेलं टाइप करून देणारे प्रोग्रॅमही आले. आता ध्वनिफितीवर पुस्तक ऐकणं ही पळवाट म्हणायची की चष्मा? ड्रेकच्या काळातला नियम या प्रश्नापुढे टिकला नाही. कॉलेजने लॅपटॉप आणि वाचून दाखवणारे प्रोग्रॅम रोजच्या अभ्यासात घेतले, आणि 2001 मध्ये संशोधन व प्रशिक्षणासाठी वेगळी संस्था काढली. तिथे इतर कॉलेजांचे शिक्षक येऊन या पद्धती शिकून जाऊ लागले. एका जुन्या हट्टाचा असा शेवट व्हावा याचं वाईट वाटायचं कारण नाही. वाचायला शिकवायचं काम त्यांनी सोडलं नाही, फक्त वाचता येईपर्यंत विचार थांबवून ठेवायचं सोडलं.

विद्यार्थीही बदलले. सुरुवातीला बहुतेक डिस्लेक्सियाची मुलं होती. पुढे एकाग्रता न टिकणारी, एडीएचडीची मुलं वाढली, त्यानंतर ऑटिझम असलेली. शब्द वाचता येतो, पण काम सुरूच करता येत नाही. धडा समजतो, पण शेजाऱ्याशी काय बोलावं हे समजत नाही. यांना गिलिंगमबाईंचं मॅन्युअल काय उपयोगाचं? मग वेळेचं नियोजन, खोलीतल्या जोडीदाराशी वागणं, नोकरीच्या मुलाखतीची तयारी अशा गोष्टी शिकवायची वेळ आली. 2010 च्या दशकात लँडमार्कनेही चार वर्षांच्या पदव्या द्यायला सुरुवात केली. मुक्काम करायचा नाही, हा जुना बाणा तिथे संपला.

पैशाचं बोलल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. सहाच्या आसपास विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक ठेवायचा तर खर्च कुठून काढणार? त्या दशकात लँडमार्कची वर्षाची फी 50 हजार डॉलरच्या वर गेली होती, आणि अमेरिकेतल्या सर्वात महागड्या कॉलेजांच्या याद्यांमध्ये हार्वर्ड-येलच्या वर या खेड्यातल्या कॉलेजचं नाव झळके. शिष्यवृत्त्या होत्या, काही राज्यांची मदतही होती; तरी पहिल्या पिढीत इथे आलेली मुलं बहुतांशी सुखवस्तू घरातली, गोरी, आणि मुलगे जास्त. आयोवाच्या फिरत्या क्लिनिकमध्ये ऑर्टनना भेटलेला मुलगा शेतकऱ्यांच्या मुलखातला होता. त्याच्यासारख्याला पटनी परवडलं नसतं. त्याच्यासारख्यांच्या कामी आलं ते कलम 504, आणि गावच्या सरकारी कॉलेजातली, एका खोलीत चालणारी अपंग विद्यार्थी सेवा. संख्येने पाहिलं तर अमेरिकेतल्या अशा विद्यार्थ्यांपैकी अगदी मूठभरच कधी खास कॉलेजात गेले.

महाराष्ट्राचा प्रवास उलट्या टोकापासून सुरू झाला. 1996 मध्ये मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन स्थापन झाली, आणि त्याच सुमारास राज्याच्या बोर्डाने दहावीला सवलती दिल्या: जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुका माफ, लेखनिक, एका भाषेऐवजी कार्यानुभवाचा विषय, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित. देशात या बाबतीत महाराष्ट्र आघाडीवर होता. प्रमाणपत्रांसाठी मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या महापालिका इस्पितळांत पालकांच्या रांगा लागू लागल्या. केंद्राच्या 1995 च्या अपंग कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश नव्हता. ती कायद्यात आली 2016 मध्ये, एकवीस प्रकारांच्या यादीत, आणि एप्रिल 2017 पासून तो कायदा लागू झाला. ‘तारे जमीं पर’ मधल्या ईशानने घराघरांत हा विषय नेऊनही तेव्हा दहा वर्षं होत आली होती. मधल्या काळात, 2015 मध्ये, मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने हिंदी, मराठी आणि कन्नड मुलांना त्यांच्याच लिपीत तपासता येईल अशा चाचण्या आणल्या. तोवर मराठी माध्यमातल्या मुलाला इंग्रजी चाचणीच्या मापाने मोजायचे, आणि त्याची जोडाक्षरं अडतात की वेलांटी अडते हे कुणी विचारायचंही नाही.

आपल्याकडे सवलत परीक्षेच्या दालनात उभी आहे. पटनीत सगळी मेहनत परीक्षेच्या आधीच्या चार महिन्यांवर होती, म्हणून दोघांची तुलना करताना सावध राहावं लागतं. सव्वाशे मुलांच्या वर्गात एका प्राध्यापकाने कुणाकुणाचा बाइंडर तपासायचा? तरी बारावी लेखनिकाच्या मदतीने पार करून एफवायबीएच्या वर्गात येऊन बसलेल्या मुलाला आता लागतं ते जूनपासून, आणि लेखनिक येतो मार्चमध्ये. मुंबई-पुण्यातल्या काही कॉलेजांनी समुपदेशक नेमले आहेत, काही प्राध्यापक आपणहून नोट्स ध्वनिमुद्रित करून देतात, आणि पाठ्यपुस्तक मोठ्याने वाचून दाखवणारा मराठी आवाज आता साध्या मोबाइलमध्येही आहे. नोट्स कशा काढायच्या, हे मात्र अजून तरी मुद्दाम बसवून फारसं कुणी शिकवत नाही.